टोमॅटो फसला? आता खत ओतू नका

यंदा ज्यांच्या गच्चीत टोमॅटो फसला, त्यांना कळकळीने सांगते, चूक खताची नाही, महिन्याची आहे. फेब्रुवारीत लावलेलं रोप फुलावर येतं एप्रिलमध्ये. तेव्हा पुण्यात पारा 38 ते 40 अंशांवर असतो. 35 च्या पुढे परागकण निकामी व्हायला लागतात आणि फुलं गळतात. त्यात नत्राचं (नायट्रोजनचं) खत वाढवलं की झाड नुसतं माजतं.

पानं वर वळून रोप खुरटलं असेल तर तो लीफ कर्ल, पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. त्यावर औषध नाही. रोप उपटून पिशवीत बांधून टाका. माती मात्र फेकू नका, हा विषाणू मातीत राहत नाही.

हिरवंगार झाड एकाएकी माना टाकतं तेव्हा गोष्ट वेगळी. बुडाजवळच्या खोडाचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात टांगा. काही मिनिटांत दुधट धागे सुटले तर ती जिवाणूजन्य मर. त्या मातीत पुढची काही वर्षं टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा नकोच. मेथी, कोथिंबीर खुशाल लावा.

फळाचं बूड काळं पडलं की जो तो अंड्याची टरफलं घालायला सांगतो. हा सल्ला थांबायला हवा. टरफलं कुजायला कित्येक महिने लागतात, आणि कॅल्शियम बहुतेक वेळा मातीत असतंच. ते पाण्याबरोबर फळात पोचतं. दोन दिवस कोरडं आणि तिसऱ्या दिवशी बादलीभर पाणी दिलं की पोचत नाही. निदान 15 इंची पिशवी घ्या, वर 2 इंच पालापाचोळा पसरा आणि बोट दोन पेरं खुपसून ओल बघूनच पाणी द्या.

पावसाळ्यात करपा, म्हणजे पानं डागाळून वाळवणारा बुरशीचा रोग, सोडत नाही, म्हणून जूनमध्ये गवार, भेंडी, दोडका. टोमॅटोचं बी ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत टाका आणि पहिल्या दिवसापासून पांढरी माशी शिरणार नाही अशा बारीक विणीच्या कीटकरोधक जाळीखाली ठेवा. लीफ कर्लची लागण रोपवयात झाली तर झाड गेलंच, त्यामुळे हे टाळू नका. वाण निवडायचा तर बेंगळुरूच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेचा अर्का रक्षक: लीफ कर्ल, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा, तिन्हींना प्रतिकारक. तो संकरित आहे, घरचं बी धरू नका.

25-30 दिवसांची रोपं ऑक्टोबरात, परतीचा पाऊस ओसरला की लावा. खालची पानं काढून खोड खोल गाडा, त्यालाही मुळं फुटतात. काठी त्याच दिवशी रोवा. नंतर रोवली तर मुळं तुटतात.