बाया ५८, बाळं ५१, सिस्टर १

परवा रात्री साडेअकराला भाचीचा फोन आला. इतक्या उशिरा फोन वाजला तरी आमच्या घरात कुणी दचकत नाही. नर्सला तेव्हाच वेळ मिळतो. म्हणाली, "आत्या, संघटनेची सभासदत्वाची पावती फाडू का? कुणी वर सांगितलं तर पुढचा आदेश मिळायचा नाही म्हणतात."

ती नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात कंत्राटी स्टाफ नर्स आहे. अकरा महिन्यांचा नेमणुकीचा आदेश, मग एक दिवसाचा खंड, मग परत अकरा महिने. असं सहावं वर्ष चालू आहे. हातात वीस हजार. त्याला पगार म्हणायचं नाही, मानधन म्हणायचं. दर वेळी बॉंडपेपरवर लिहून द्यायचं की मी कायम करण्याची मागणी करणार नाही. त्या खंडाच्या दिवशी तू काय करतेस, असं मी एकदा विचारलं होतं. "त्या दिवशी मी बेरोजगार असते, पण ड्युटीवर असते," म्हणाली. "बाळांना खंड कुठे कळतो?"

मी ३१ वर्षं सरकारी दवाखान्यात काढली. गावाचं नाव सांगत नाही, अजून ओळखीची माणसं तिथे नोकरीत आहेत. तिला मी लगेच "फाड" म्हटलं नाही. माझी पावती मी कुठल्या रात्रीनंतर फाडली ते सांगितलं. इथेही सांगते.

पीएनसी वॉर्ड, म्हणजे बाळंतिणींचा. खाटा ४०. त्या रात्री बाया होत्या ५८, उरलेल्या फरशीवर गाद्या टाकून. बाळं ५१, बाकीची काचेच्या पेटीत. सिस्टर मी एकटी, सोबत एक मावशी. आता गंमत बघा. बाळ आईच्या कुशीत असलं की ते कागदावर पेशंट नसतं, कारण त्याला वेगळी खाट नसते. त्याचं अंग पिवळं पडतंय का, ते दूध ओढतंय का, हे बघायचं सिस्टरनेच, पण मोजायचं कुणीच नाही.

बाळंत झाल्यावर पहिले दोन तास बाईला दर पंधरा मिनिटांनी बघायचं असतं. बीपी, नाडी, पोटावर हात ठेवून गर्भाशय घट्ट आहे का, पॅड किती भिजलं. दोन तासांच्या आतल्या त्या वेळी सातजणी होत्या. म्हणजे तासाला २८ वेळा. एका वेळेला तीन मिनिटं धरा, ८४ मिनिटं होतात. शासनाने तास अजून ६० मिनिटांचाच ठेवलाय.

दीडच्या सुमाराला सहा नंबरच्या बाईला झटके आले. बीपी वाढलेलं होतंच. तिला कुशीवर वळवणं, तोंड साफ करणं, मॅगसल्फचं इंजेक्शन, डॉक्टरांना कॉल, सगळं तिथेच. तेवढ्यात पार कोपऱ्यातल्या गादीवरच्या बाईची सासू आली. "सिस्टर, हिला गार लागतंय." म्हटलं, आले. परत आली, परत मी तेच म्हटलं. तिसऱ्यांदा ती काही बोललीच नाही. येऊन माझी बाही धरली आणि ओढत घेऊन गेली.

चादर उचलली तर गादी खालपर्यंत भिजलेली. नाडी बोटाला लागेना. मग पोट चोळणं, गर्भाशय आकसायला पिटोसिनचं सलाईन, पाय वर, रक्ताच्या दोन पिशव्या. वाचली ती. त्या सासूने वाचवली. मला विचाराल तर मी त्या बाईकडे तासाभरात फिरकलेही नव्हते.

आता जे लिहितेय ते नोकरीत असताना लिहिलं नसतं. पहाटे पाचला मी चार्ट भरले. सातही जणींचे, पंधरा-पंधरा मिनिटांचे आकडे, एका पेनने, एका बैठकीत. १२०/८०, ११८/७८, नाडी ८४, गर्भाशय घट्ट. खोटे. हे वाचून कितीतरी सिस्टर गप्प बसतील, कारण त्यांनीही असे चार्ट भरलेत. चार्ट रिकामा सोडला तर सकाळी मेमो. भरला तर? तिसऱ्या दिवशी मला मेमो आलाच: नोंदीप्रमाणे रुग्णाची प्रकृती उत्तम असताना ती अचानक शॉकमध्ये कशी गेली, याचा खुलासा करावा. माझ्याच अक्षराने माझा गळा धरला होता.

तो मेमो घेऊन मी आमच्या संघटनेच्या एका वयस्कर परिसेविकेकडे, म्हणजे वॉर्डच्या मुख्य सिस्टरकडे, गेले. मला वाटलं बाई आता मोर्चा काढतील, नाहीतर साहेबांना फोन तरी लावतील. त्यांनी फक्त विचारलं, "रिपोर्ट बुकात काय लिहिलंयस?" ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरला ओव्हर देतो ते पुस्तक. मी लिहिलं होतं: एकूण पेशंट ५८, डिलिव्हरी इतक्या, सिझर इतके. "आणि सिस्टर किती?" ते कोण लिहितं! "पेशंट मोजतेस, मग स्वतःला का नाही मोजत? बाळांना पण मोज."

त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक नाईटची शेवटची ओळ एकच असायची: बाया इतक्या, बाळं इतकी, सिस्टर १. खाली सही. पंधरा दिवसांत फिमेल मेडिकलच्या सिस्टरने तसंच लिहायला घेतलं, मग सर्जिकलच्या, मग बर्न्सच्या. मेट्रन, म्हणजे सगळ्या सिस्टर्सच्या वरच्या बाई, चिडल्या. हे पुस्तक पेशंटसाठी आहे, तक्रारींसाठी नाही, म्हणाल्या. आम्ही म्हटलं, मॅडम, ही तक्रार कुठे आहे, नोंद आहे. सात-आठ महिन्यांनी दुसऱ्या एका प्रकरणात चौकशी समिती आली तेव्हा संघटनेने ती पुस्तकं टेबलावर ठेवली. पीएनसीला रात्रीची दुसरी सिस्टर मिळाली. घोषणा नाही, संप नाही. (दोन वर्षांनी ती सिस्टर निवृत्त झाली आणि जागा भरलीच नाही, ते सोडा.)

म्हणून २०२५ च्या जुलैत राज्यातल्या सरकारी नर्स आझाद मैदानात बसल्या आणि १८ तारखेपासून बेमुदत संपावर गेल्या, तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर जे वाचलं त्याने माझं डोकं फिरलं. एका सुशिक्षित काकांनी लिहिलं, "सेवाभाव संपला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल असती तर रडली असती." काका, ती रडली नसती, तिने रजिस्टर मागितलं असतं. १२ मेच्या, म्हणजे नर्स दिनाच्या, भाषणांत तिचा दिवा तेवढा येतो. क्रिमियाच्या युद्धात जखमांपेक्षा रोगराईने जास्त सैनिक मेले, हे तिने मोजून, त्याच्या आकृत्या काढून १८५८ मध्ये सरकारच्या तोंडावर मारलं, हे भाषणात येत नाही. दिव्यापेक्षा ते जास्त झोंबलं असणार.

संपाचा मुद्दा काय होता? कंत्राटी भरती नको आणि वेतनत्रुटी दूर करा. २०२२ च्या मेअखेरीचा संपही खासगी कंपनीमार्फत भरती नको म्हणूनच होता. पगाराचं म्हणाल तर केंद्राच्या दवाखान्यात स्टाफ नर्सचं मूळ वेतन ४४,९०० पासून सुरू होतं, आपल्याकडे ३५,४०० पासून. काम तेच, सुई तीच. पण मला पगारापेक्षा कंत्राटाचं जास्त बोलायचंय. रिपोर्ट बुकात "सिस्टर १" लिहायची माझी हिंमत झाली, कारण माझी नोकरी कायम होती. मेमो आला असता, बदली झाली असती, घरी कुणी बसवू शकत नव्हतं. माझ्या भाचीने तीच ओळ लिहिली तर अकराव्या महिन्यात तिचा आदेश निघणारच नाही. कंत्राटी नर्स स्वस्त पडते म्हणून ठेवतात असं लोकांना वाटतं. ती गप्प पडते, हा त्याहून मोठा फायदा आहे.

आणि काही झालं की पहिली तीच सापडते. भंडाऱ्यात ९ जानेवारी २०२१ ला नवजात बाळांच्या कक्षाला आग लागून १० बाळं गेली. कारवाई झाली त्यात कंत्राटी नर्सही घरी गेल्या. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागात आग लागली, ११ रुग्ण गेले, आणि काही दिवसांत एक डॉक्टर आणि तीन नर्स अटकेत. दोष कुणाचा ते कोर्ट बघेल. मी नर्स आहे, मला एवढंच कळतं की आमच्या ड्युटीत इंजेक्शनं येतात, वायरिंग येत नाही.

कागदावर आपल्याकडे सगळं आहे. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष सांगतो की कॉलेजला जोडलेल्या रुग्णालयात तीन पेशंटमागे एक नर्स, साध्या रुग्णालयात पाचांमागे एक, अतिदक्षतेत एकाला एक. वर रजेसाठी ३० टक्के जादा. हे मी विद्यार्थिनींना शिकवायचे तेव्हा मागच्या बाकावरून हसू यायचं. नर्स कमी म्हणजे नेमकं काय होतं, तेही मोजलेलं आहे. लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ मध्ये छापला. ऑपरेशन झालेल्या पेशंटांबाबत निघालं ते असं: एका नर्सकडे एक पेशंट वाढला की महिन्याभरात मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली. एकच पेशंट. माझ्याकडे त्या रात्री किती जादा होते, तो हिशोब तुम्हीच करा.

कॅलिफोर्नियातल्या नर्सच्या संघटनेने किती पेशंटमागे एक नर्स हे प्रमाण कायद्यातच घालून घेतलं. १९९९ मध्ये कायदा, २००४ पासून अंमल. मग 'टर्मिनेटर' सिनेमातले अर्नॉल्ड श्वार्झनेगर गव्हर्नर असताना त्यांनी पुढचा टप्पा लांबवायचा प्रयत्न केला, तर नर्स त्यांच्या कार्यक्रमाबाहेर जाऊन उभ्या राहायच्या आणि कोर्टातही गेल्या. टर्मिनेटर हरला. मला त्यातल्या दोन गोष्टी ऐकून अक्षरशः हेवा वाटला. एक, हे प्रमाण दर क्षणाला लागू आहे. नर्स जेवायला गेली तर तिच्या जागी दुसरी नर्स हवी. मी ३१ वर्षांत डबा कितीदा बसून खाल्ला, ते बोटांवर मोजता येईल. आणि दुसरी, बाळंतिणींच्या वॉर्डात तिथे जोड्या मोजतात. आई आणि बाळ मिळून एक जोडी, एका नर्सकडे चार जोड्या. म्हणजे बाळ मोजतात हो! आमच्या त्या परिसेविका बाईंना हे सांगायला हवं होतं.

न्यूयॉर्कमध्ये २०२३ च्या जानेवारीत सात हजार नर्स तीन दिवस संपावर होत्या, करारात नर्सची संख्या नीट लिहून घेण्यासाठी. नर्स कमी ठेवल्या तर लवादाकडे जाता येईल आणि रुग्णालयाला पैसे मोजावे लागतील, हे त्यांनी मिळवलं. भाषेची बघा कशी थट्टा आहे. इंग्रजीत शब्द एकच, तिथल्या नर्स त्यासाठी भांडतात आणि आमच्या त्याच्याविरुद्ध. त्यांचा तो करार, आमचं ते कंत्राट. कराराला दोन बाजू असतात. कंत्राटाला एकच, आणि दुसऱ्या बाजूला बॉंडपेपर.

"पण पेशंटचे हाल होतात त्याचं काय?" होतात. ऑपरेशनं पुढे जातात, लांबून एसटीने आलेला माणूस परत जातो, मला ते गोड नाही वाटत. पण संप म्हणजे पेशंटवर सूड, असं म्हणणाऱ्यांना मी केईएमची आठवण देते. १९७३ च्या नोव्हेंबरात तिथल्याच नर्स अरुणा शानबाग यांच्यावर रुग्णालयातच हल्ला झाला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. तेव्हा मुंबईतल्या नर्स संपावर गेल्या, अरुणासाठी आणि स्वतःच्या सुरक्षेसाठी. पुढे ऐंशीच्या दशकात पालिकेने अरुणाला दुसरीकडे हलवायचं ठरवलं तेव्हाही नर्सच आडव्या आल्या, आणि पालिकेला माघार घ्यावी लागली. आणि २०१५ च्या १८ मेपर्यंत, ४२ वर्षं, वॉर्ड नंबर ४ मध्ये त्यांनीच तिला सांभाळलं. तिला एक बेडसोअर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, झाला नाही. बेडसोअर म्हणजे काय ते ज्यांनी घरी अंथरुणावरचं माणूस काढलंय त्यांना विचारा. संप करणारे हात आणि कूस बदलणारे हात तेच होते.

आमच्या संघटनांचंही एक सांगते, नाहीतर मी एकतर्फी लिहिते म्हणाल. आम्ही कायमवाल्या सिस्टर्सनी कंत्राटी पोरींना बरीच वर्षं आपलं मानलंच नाही. चहाला बोलवायचो, मीटिंगला नाही. नकोशा ड्युट्या त्यांच्या गळ्यात आणि दिवाळीची सुट्टी आमची. मागण्यांच्या निवेदनात गणवेश भत्ता चौथा, आणि रात्रीच्या सिस्टरची संख्या कुठेतरी नवव्या नंबरला. त्या पोरींनी मग आपली वेगळी आंदोलनं केली, आणि आम्ही म्हटलं यांना एकी नको. केरळमध्ये खासगी दवाखान्यांतल्या नर्स २०११ पासून संघटित झाल्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितल्यावर केंद्राच्या समितीने लहानात लहान खासगी रुग्णालयातही किमान २०,००० ठरवले, आणि केरळच्या नर्सनी २०१७ मध्ये पुन्हा रस्त्यावर येऊन ते आपल्या सरकारकडून मान्य करून घेतलं. आमच्या शहरात खासगीत काम करणाऱ्या पोरींना किती मिळतात ते विचारायला आमच्या संघटनेतलं कुणी कधी गेलं नाही. मीही गेले नाही.

तर भाचीला मी एवढं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आत्या, ते तुझं पुस्तकातलं मी लिहिलं तर मीच एकटी दिसेन गं." बरोबर होतं तिचं. मी म्हटलं, मग आधी पावत्या फाडा, सगळ्यांनी एकाच दिवशी, आणि ओळ मागाहून लिहा, तीही सगळ्या शिफ्टना.

आज सकाळी आठला तिचा मेसेज आला. चौघींनी पावती फाडलीय, उरलेल्या दोघी नवऱ्याला विचारून सांगणार आहेत. त्याखाली: "रात्री बाळं २२, सिस्टर २. हे फक्त तुला लिहितेय, पुस्तकात नाही. अजून नाही."

मग झोपायला गेली असेल. दुपारी फोन करेन.