इथे ओळख चालत नाही

नागपुरात कुठलंही काम अडलं की पहिला प्रश्न एकच असतो: तिथे आपला कोणी आहे का? प्लॉटची आरएल (प्लॉट नियमित झाल्याचा कागद) असो, गॅसची बदली असो की पोराची ॲडमिशन, कोणाचा तरी साळा किंवा वर्गमित्र तिथे बसलेला असतोच. फाइलींना कुलूप लावायचं फुकट सॉफ्टवेअर निवडतानाही माणसं हेच विचारतात.

"भाऊ, पासवर्ड विसरलो तर?"

"तर फाइल गेली."

"असं कसं गेली? बर्डीच्या बाजारात एक पोट्टा आहे ना, मोबाइल-गिबाइल सगळं खोलून देते तो."

तो पोट्टा खरंच हुशार असतो. पण एन्क्रिप्शनच्या, म्हणजे पासवर्डशिवाय वाचताच येऊ नये अशा रूपात फाइल बदलून ठेवायच्या, खात्यात त्याची ओळख नाही. कोणाचीच नाही. आणि ज्या सॉफ्टवेअरमध्ये अशी ओळख चालते ते घेऊच नये, एवढी एकच अट मी घालीन. पुढचा सगळा छळ या अटीतूनच निघतो.

आधी घरोघरची चालू व्यवस्था बघा. डी ड्राइव्ह, त्यात 'न्यू फोल्डर (३)', त्यात 'ड्रायव्हर्स' नावाचा फोल्डर आणि त्यात बाबांचं मृत्युपत्र. वरून 'हिडन'ची टिकली लावलेली. ही टिकली विंडोजच्या 'व्ह्यू' मेनूत एका क्लिकवर निरुपयोगी होते. 'फोल्डर लॉक' छापाची फुकट सॉफ्टवेअरंही बरेचदा एवढंच करतात: फोल्डर लपवतात आणि समोर एक पासवर्डची खिडकी उभी करतात. विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी सिस्टीम असलेला पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू केला की आतलं सगळं उघड्यावर. विंडोजच्या लॉगिन पासवर्डचंही तेच. डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल तर ती काढून दुसऱ्या मशीनला जोडली की कोणी काही विचारत नाही. शिवाय लॅपटॉप दुरुस्तीला जातो तेव्हा पासवर्डची चिठ्ठी सेलोटेपने झाकणावर चिकटवूनच जातो.

काही नव्या लॅपटॉपांत मात्र विंडोजने डिस्क आपणहून एन्क्रिप्ट करून ठेवलेली असते आणि मालकाला पत्ता नसतो. मग कधी बायॉस (लॅपटॉप सुरू करणारं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट होतं किंवा मदरबोर्ड बदलतो, आणि निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती सहसा त्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते, जे पोराने पुण्याला जाण्याआधी स्वतःच्या जुन्या ईमेलवर काढून दिलं होतं. तेव्हा ती की आजच शोधून कागदावर उतरवा, बाप्पा.

आता निवड. जाहिरातीत 'मिलिटरी ग्रेड' दिसलं की माणूस खूश होतो. त्याचा अर्थ बहुतेक एईएस-२५६ ही एन्क्रिप्शनची पद्धत, आणि ती फुकटातल्या चांगल्या सॉफ्टवेअरांतही असतेच. योआन डामेन आणि व्हिन्सेंट रायमेन या दोन बेल्जियन गृहस्थांची ही पद्धत खुल्या स्पर्धेतून निवडली गेली आणि २००१ मध्ये अमेरिकेचं अधिकृत मानक झाली. जगभरच्या तज्ज्ञांनी ती फोडायचा प्रयत्न केलाय, म्हणून तिच्यावर भरवसा. सावजीचा मसाला गुप्त असलेलाच बरा, पण कुलपाची रीत गुप्त ठेवणाऱ्याचा संशय घ्यावा. गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली, हे केर्कहॉफ्स या डच भाषातज्ज्ञाने १८८३ मध्येच सांगून ठेवलंय. म्हणून सोर्स कोड, म्हणजे सॉफ्टवेअर ज्यातून बनतं तो मूळ मजकूर, खुला हवा आणि कोणीतरी त्याची आजही देखभाल करत असायला हवं.

एवढ्या गाळणीतून घरगुती वापरासाठी माझ्या मते तीन नावं उरतात, आणि लोकांचा घोळ असा की ते तिघांतला 'बेस्ट' विचारतात. तिघांची कामं वेगळी आहेत.

सीएला चार कागद मेल करायचे तर सेव्हन-झिप. 'ॲड टू आर्काइव्ह' करा आणि फॉरमॅट 'सेव्हन-झेड' निवडा. 'झिप' ठेवलात तर एन्क्रिप्शन मुकाट्याने 'झिपक्रिप्टो' होतं, आणि त्या पद्धतीवरचा हल्ला १९९४ पासून सगळ्यांना माहीत आहे. झिपच हवं असेल तर तिथे एईएस-२५६ हाताने निवडा. सेव्हन-झेडमध्ये 'एन्क्रिप्ट फाइल नेम्स'वर टिकली विसरू नका, नाहीतर फाइल उघडत नाही पण 'मृत्युपत्र_फायनल_मोठ्याला_वगळून' हे नाव सगळ्यांना वाचता येतं. पासवर्ड त्याच मेलमध्ये पाठवू नका, हे सांगायला लागू नये, पण लागतं.

घरच्या मशीनवर किंवा पेनड्राइव्हवर कायमची तिजोरी हवी तर व्हेराक्रिप्ट. हे २०१३ मध्ये ट्रूक्रिप्टच्या कोडवरून निघालं. मूळ ट्रूक्रिप्ट मे २०१४ मध्ये अचानक बंद पडलं, त्यामुळे आतेभावाच्या जुन्या पेनड्राइव्हवरचं 'ओरिजिनल' घेऊ नका. २०१६ मध्ये व्हेराक्रिप्टची बाहेरच्यांनी तपासणी केली, त्यात गंभीर दोष निघाले आणि बरेचसे लगेच दुरुस्तही झाले. दोष निघाले म्हणून घाबरणाऱ्यांना सांगतो, ज्याची तपासणीच झाली नाही त्यात एकही दोष निघत नाही.

इथे 'एन्क्रिप्टेड फाइल कंटेनर' हा पहिलाच पर्याय घ्या, म्हणजे बाकीच्या फाइली पोटात ठेवणारी एकच मोठी कुलूपबंद फाइल. आकार ठरवा, म्हणजे कागदांना ५ जीबी भरपूर. पण पेनड्राइव्ह फॅट-३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीच्या वर एक फाइल मावत नाही, तो आधी एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करून घ्या. मग पासवर्ड, आणि मग तो प्रसंग येतो: 'खिडकीत माउस आडवातिडवा फिरवा.' खालची पट्टी लाल असते, ती हिरवी होईपर्यंत फिरवत राहायचं. त्या हालचालींतून किल्लीसाठी लागणारा, कोणाला अंदाज येऊ नये असा यदृच्छपणा जमा होतो. बघणाऱ्याला मात्र वाटतं की याला काहीतरी झालंय. काकू दारातून विचारतात, "काय करून राहिला रे?" आणि उत्तर सापडत नाही.

दुसरा पर्याय अख्खं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा किंवा पेनड्राइव्हचा पूर्ण भाग, एन्क्रिप्ट करायचा. त्यात घरच्या मदतगाराचा धोका आहे. विंडोजला असा पेनड्राइव्ह वाचता येत नाही, म्हणून ते नम्रपणे विचारतं, 'फॉरमॅट करायचं का?' आणि दिवाळीला आलेले जावई 'यस' म्हणतात.

तिजोरी उघडताना 'माउंट' दाबल्यावर काही सेकंद जातात. पासवर्डवर डीफॉल्ट सेटिंगमध्ये ५ लाख फेऱ्यांची प्रक्रिया चाललेली असते, म्हणजे अंदाजाने पासवर्ड शोधणाऱ्यालाही प्रत्येक प्रयत्नाला तेवढ्याच फेऱ्या माराव्या लागतात. काम झालं की आधी 'अनमाउंट' (जुन्या आवृत्तीत 'डिसमाउंट'), मग पेनड्राइव्ह काढायचा. खरी किल्ली कंटेनरच्या सुरुवातीच्या १२८ केबीच्या हेडरमध्ये असते. तो भाग खराब झाला तर पासवर्ड बरोबर असूनही दार उघडत नाही. शेवटाला एक जादा प्रत असते, तरी 'टूल्स'मधून हेडरचा बॅकअप वेगळ्या ठिकाणी ठेवा. फक्त पासवर्ड बदलल्यावर जुना हेडर नष्ट करा, कारण जुना हेडर आणि जुना पासवर्ड मिळून तिजोरी अजूनही उघडतात. साळ्याला सांगितलेला पासवर्ड बदलून निर्धास्त झालेल्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

गूगल ड्राइव्हवर ठेवायचं असेल तर क्रिप्टोमेटर. व्हेराक्रिप्ट कंटेनरची बदलाची तारीख मुद्दाम तीच ठेवतं, त्यामुळे फाइली आपोआप चढवणाऱ्या ड्राइव्हला वाटतं काही बदललंच नाही. सेटिंगमधली ती टिकली काढता येते, पण मग दोन ओळींच्या बदलासाठीही अख्खी ५ जीबी पुन्हा चढवत बसावं लागू शकतं. क्रिप्टोमेटर प्रत्येक फाइल वेगळी एन्क्रिप्ट करतो. कॉम्प्युटरवर तो फुकट आहे, मोबाइलवर पूर्ण वापराला पैसे पडतात. ड्राइव्हवर फक्त अगम्य नावांच्या फाइली दिसतात, आणि कोणीतरी त्या व्हायरस समजून साफ करायच्या आत घरच्यांना सांगून ठेवलेलं बरं. याची रिकव्हरी की ४४ इंग्रजी शब्दांची असते. ती सुवाच्य अक्षरात कागदावर लिहा. एका शब्दाची गफलत झाली तरी ती स्वीकारली जात नाही.

पासवर्डचं म्हणाल तर ई-आधारच्या पीडीएफने आपली सवय बिघडवली: नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटल आणि जन्मसाल. हे गल्लीतल्या कोणालाही माहीत असतं, जन्मसाल तर पत्रिकेसकट. डाइसवेअरची रीत बरी. ७,७७६ शब्दांची यादी घ्यायची, एका शब्दासाठी पाच वेळा फासा टाकायचा आणि असे सहा शब्द काढायचे. मराठी शब्द घ्यायची हौस असेल तर स्पेलिंग ठरवून घ्या. तर्रीत आर एक की दोन, शेवटी आय की वाय, यावर घरात एकमत नसतं आणि सॉफ्टवेअर एकच बाजू मानतं. देवनागरीत टाइप करून ठेवाल तर दुसऱ्याच्या मशीनवर तो कीबोर्डच नसेल. शब्द कागदावर लिहून गोदरेजच्या कपाटात ठेवा, आणि बायकोला कुठल्या साडीखाली ते सांगा. चोराला तो कागद काय आहे ते कळायचं नाही. मुलांना मात्र कळायला हवं.

मूळ फाइली उडवायच्या आधी तिजोरी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. उडवल्यावर रिसायकल बिन रिकामा करा, डाउनलोड्स बघा. एसएसडीवर (नव्या लॅपटॉपांतल्या चिपवाल्या डिस्कवर) 'पुसलं' म्हणजे नक्की पुसलं असं नसतं, म्हणून नवा लॅपटॉप आला की पहिल्या दिवशीच डिस्क एन्क्रिप्ट केलेली उत्तम. आणि आरएलचा स्कॅन 'फॅमिली' ग्रुपवर चौदा जणांकडे आधीच आहे, त्याला कुठलंही सॉफ्टवेअर काही करू शकत नाही.

राहता राहिलं झेरॉक्सचं दुकान. तिथल्या कॉम्प्युटरवर व्हेराक्रिप्ट नसलं तर पेनड्राइव्हवरून चालवायला ॲडमिन परवानगी लागते. ती दुकानातल्या पोराकडे नसते, मालक जेवायला गेलेला असतो, आणि परवानगी मिळालीच तरी तुमचे सहा शब्द तुम्ही त्या कीबोर्डवर टाइप करणार, मागे रांगेत पाच जण. नको. प्रिंट घरून काढून न्या. प्रिंटरमध्ये शाई आहे का, तेवढं आदल्या रात्री बघा.