रत्नागिरीत प्रेक्षणीय कसे व्हावे?

मांडवीला भेळ खाणं, धापा टाकत भगवतीच्या किल्ल्यावर चढणं आणि थिबा पॉइंटवर मावळता सूर्य चिमटीत धरून फोटो काढणं हे कोणीही करतं. तुमची झेप त्यापलीकडची असणार. स्थळं बघत हिंडण्यापेक्षा आपणच एक प्रेक्षणीय स्थळ होऊन बसावं, असं वाटत असेल तर आमची रत्नागिरी त्याला फार सोयीची. अट एकच. यायचं मर्जीविरुद्ध आणि मग सुटता येता कामा नये.

थिबा राजाचंच बघा. ब्रह्मदेशाच्या या राजाला इंग्रजांनी 1885 मध्ये गादीवरून उतरवलं आणि पुढच्याच वर्षी इथे आणून ठेवलं. (त्याआधी दिल्लीच्या बहादूरशहा जफरला रंगूनला धाडलं होतंच. राजांची अशी अदलाबदल केली की दोन्ही गावांना एकेक पर्यटनस्थळ फुकट मिळतं.) राजवाडा पुरा व्हायला 1910 साल उजाडलं आणि 1916 मध्ये राजा गेला. तेव्हा आपली सोय वेळेत होईल ही आशा तुम्हीही ठेवू नका. वास्तू मात्र देखणी. तीन मजले, उतरती छपरं, अर्धगोल कोरीव लाकडी खिडक्या. परवा एका खिडकीशी एक मुलगी रील करत होती. आईने विचारलं, "थिबा म्हणजे कोण गं?" मुलगी म्हणाली, "अगं, पॉइंट आहे तो. संध्याकाळी जायचंय ना आपल्याला!" तीस वर्षं वनवास भोगून माणसाचा पॉइंट होतो. याहून वरची पायरी आमच्याकडे नाही.

टिळकांचं नेमकं इथेच चुकलं. 1856 मध्ये जन्मले रत्नागिरीत, पण दहाव्या वर्षी पुण्याला गेले. टिळक आळीतलं जन्मस्थान लोक बघतात, नाही असं नाही. पण "आलोच आहोत तर" या भावनेने. बाकी सगळं श्रेय पुण्याने नेलं. पुणं ते करतंच.

सावरकरांची स्थानबद्धता 1924 ची. मुदत पाच वर्षांची होती, ती वाढता वाढता 1937 पर्यंत गेली. जिल्ह्याबाहेर पाऊल टाकायची बंदी, म्हणजे उमेदवारी भक्कम. पण ते नुसते बसले नाहीत. त्यांच्या प्रेरणेने भागोजीशेठ कीरांनी पदरचे पैसे घालून सगळ्या हिंदूंना खुलं असलेलं पतितपावन मंदिर बांधलं, 1931 मध्ये. एवढी खटपट तुमच्याने होणार नाही. तुमच्यासाठी आदर्श एकच, मिऱ्याचं जहाज.

'बसरा स्टार'ने काहीही केलं नाही. जून 2020 मध्ये निसर्ग वादळात भरकटलं आणि मिऱ्याच्या बंधाऱ्याला येऊन टेकलं. जहाजांना वाट दाखवायला भगवतीच्या डोंगरावर 1867 पासून दीपगृह उभं आहे, हे इथे मुद्दाम सांगायला हवं. खलाशांना वाचवलं, जहाज राहिलं. आज काढतील, उद्या काढतील म्हणेपर्यंत पावसाळे उलटले. पत्रा आधी तांबूस झाला, मग त्याचे पोपडे सुटले, लाटा एका बाजूने आत शिरायला लागल्या. तिकीट नाही, फलक नाही, गाईड नाही, तरी गर्दी किल्ल्यापेक्षा जास्त. कोणी साखरपुड्याचे फोटो काढून गेलं, कोणी बाळाला बंधाऱ्यावर उभं करून "बोट बघ, बोट" केलं. रिक्षावाले पाहुण्यांना आधी विचारायचे, "जहाज बघायचंय की राजवाडा?" राजाला जे जमायला तीस वर्षं लागली ते या पोकळ लोखंडाने एका पावसाळ्यात केलं.

आता जागेचं बघू. मांडवीकडचा काळा समुद्र, म्हणजे काळ्या वाळूचा किनारा, टाळा. तिथल्या जेटीला आम्ही आधीच 'गेटवे ऑफ रत्नागिरी' करून ठेवलंय, त्या थाटापुढे तुमचा टिकाव लागणार नाही. मिरकरवाड्यात तर चुकूनही उभे राहू नका. बोटी लागलेल्या असतात, बांगड्याच्या टोपल्या उतरत असतात, बर्फ फुटत असतो. तिथे कोणी तुमच्याकडे बघणार नाही, उलट "ओ, बाजूला व्हा!" म्हणून अंगावर पाणी येईल. कामाची जागा प्रेक्षणीय नसते, म्हणून तर पाहुणे नाक दाबून तिथून गाडी पळवतात आणि रात्री सुरमई ताजी नाही म्हणून हॉटेलवाल्याशी भांडतात.

मिऱ्याकडचा पांढऱ्या वाळूचा पांढरा समुद्रच धरा. येताना मुंबई-गोवा महामार्गानेच या, म्हणजे अडकून पडायची तालीम पनवेलपासूनच सुरू होईल. आणि परतीचं कोकणकन्येचं तिकीट वेटिंगवर आहे ना? छान. चुकून कन्फर्म झालंच, तर ताबडतोब रद्द करा.