दोनशे डॉलरचा कर शून्य झाला, पण वही राहिली

जानेवारीत शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर परदेशस्थ मंडळींची भर पडते आणि त्यांच्या सामानातून तिकडचे वादही येतात. यंदाचा वाद डॅलसजवळ स्थायिक झालेल्या आणि तिथलाच नागरिक झालेल्या आमच्या मित्राने आणला. कट्ट्यावर त्याला टेक्सासकर म्हणतात. बंदुकीला लावायचा सायलेन्सर विकत घेताना अमेरिकेच्या केंद्र सरकारला द्यावा लागणारा २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६पासून शून्य झाला आहे, असे त्याने मोठ्या समाधानाने सांगितले.

बँकेतून निवृत्त झालेले नाना लगेच उखडले. सिनेमातल्यासारखी गुपचूप गोळी झाडण्याच्या साधनावर करमाफी देणारे सरकार उद्या चोरांच्या हत्यारांनाही अनुदान देईल, असे ते म्हणाले. त्यावर टेक्सासकराने सांगितले की सायलेन्सरने आवाज नाहीसा होत नाही, साधारण वीस ते पस्तीस डेसिबलने कमी होतो, आणि एवढे होऊनही रायफल कानठळ्या बसवण्याइतकी मोठ्याने वाजते. शिकाऱ्याचे कान वाचावेत एवढाच त्याचा उपयोग आहे, असे त्याचे म्हणणे होते. नानांना ते पटले नाही, पण सिनेमावरून केलेला युक्तिवाद त्यांनी तिथेच सोडला.

आमच्या वकील मित्राच्या मते मुळात हा कर पैशासाठी नव्हताच. गुंडांच्या टोळ्यांनी मशीनगन चालवण्याच्या त्या काळात, १९३४ साली, नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट झाला. शस्त्रांवर थेट बंदी घालण्याचा अधिकार केंद्राला आहे की नाही याबद्दल तेव्हा शंका होती, कर बसवण्याच्या अधिकाराबद्दल मात्र नव्हती. म्हणून मशीनगन, आखूड नळीच्या बंदुका आणि सायलेन्सर यांच्या हस्तांतरणावर २०० डॉलर कर बसवला, आणि कर वसूल करायचा तर नोंद हवीच, या न्यायाने त्याच्या मागोमाग नोंदवही आली. याच कायद्यातला विक्रेत्यांवरचा वार्षिक कर सर्वोच्च न्यायालयानेही १९३७मध्ये वैध ठरवला आणि तो बसवण्यामागच्या हेतूच्या खोलात जाण्याचे नाकारले.

“तेव्हाचे दोनशे म्हणजे आजचे किती?” असे नानांनी विचारले आणि उत्तराची वाट न पाहता स्वतःच हिशेब मांडला. महागाई धरली तर ती रक्कम आज साडेचार हजार डॉलरांच्या वर जाते. कायद्यात मात्र नव्वद वर्षे दोनशेच राहिले. मला वाटते, कर माफ करण्याचे बरेचसे काम महागाईने आधीच उरकले होते.

आखूड नळीची गोष्ट तर मजेशीर आहे. मूळ मसुद्यात पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हरही होती, आणि रायफलची नळी कापून कोणी पिस्तुलाचा नियम चुकवू नये म्हणून आखूड नळीचे कलम घातले होते. पुढे विरोध झाल्यावर पिस्तुले वगळली गेली, पण ते कलम तसेच राहिले. त्यामुळे सोळा इंचांपेक्षा आखूड नळीच्या रायफलीची नोंद करावी लागते आणि खिशात मावणाऱ्या पिस्तुलाची या वहीत नोंद नसते. “म्हणजे दार उघडे आणि खिडकीला कुलूप,” असे नाना म्हणाले, आणि टेक्सासकराने पहिल्यांदा त्यांना टाळी दिली.

तरीही नाना वहीच्या बाजूने ठाम होते. कायदेशीर नोंद असलेल्या मशीनगनने गुन्हा झाल्याची उदाहरणे अत्यंत विरळ आहेत, हे टेक्सासकरालाही मान्य होते. ते श्रेय त्याने मात्र १९८६च्या बंदीला दिले. त्या वर्षीच्या मे महिन्यानंतर नव्या मशीनगनची नागरिकांच्या नावे नोंद होत नाही, त्यामुळे जुन्यांच्या किमती हजारो डॉलरांत गेल्या आहेत. नव्या कायद्यानेही मशीनगनवरचे दोनशे डॉलर तसेच ठेवले आहेत.

मग नोंदणीच का काढली नाही, हा प्रश्न मी विचारला. वकिलाने सांगितले की सायलेन्सर या कायद्यातून पूर्णपणे वगळण्याची तरतूद प्रतिनिधिगृहाने २०२५च्या मे महिन्यात मंजूर केली होती. पण विधेयक अर्थसंकल्पी मार्गाने नेले होते. त्या मार्गाने सिनेटमध्ये साठ मतांऐवजी साध्या बहुमतावर काम भागते, मात्र त्यात केवळ जमाखर्चाचेच विषय घालता येतात. सिनेटच्या नियमतज्ज्ञ एलिझाबेथ मॅकडोनो यांनी नोंदणी रद्द करणे त्यात बसत नाही असे सांगितले, आणि ४ जुलै २०२५ला ट्रम्प यांची सही झाली तेव्हा विधेयकात सायलेन्सरपुरते कर शून्य करणे एवढेच उरले होते. १९३४मध्ये नियंत्रणाला कराचा अंगरखा घालून आत आणले होते, आणि आता नेमका तो अंगरखाच तेवढा काढता आला.

इतका वेळ गप्प असलेला किराणा दुकानदार मित्र तेव्हा बोलला. “फक्त करमाफ माल विकणाऱ्याला आपल्याकडे जीएसटीची नोंदणी लागत नाही. कर शून्य, तर मग वही कशाची?”

टेक्सासकर उडालाच, कारण तिथल्या न्यायालयांत दाखल झालेल्या दाव्यांचा मुद्दा अगदी हाच आहे. वकिलाने सावध उत्तर दिले. उत्पादक आणि विक्रेते यांच्यावरचा वार्षिक कर अजून आहे, आणि राज्याराज्यांतील व्यापाराचे नियमन करण्याच्या अधिकाराचा आधारही सरकार घेऊ शकते. शिवाय सक्तीचा आरोग्यविमा न घेणाऱ्यांवरचा कर २०१७मध्ये असाच शून्य केला गेला होता. त्यावरचा खटला सर्वोच्च न्यायालयात पोहोचला, तेव्हा दाद मागण्याचा अधिकारच फिर्यादींना नाही असे म्हणून न्यायालयाने २०२१मध्ये मूळ प्रश्न टाळला.

माझा कल नोंदवहीकडे आहे. पण ती हवी असेल तर नोंदवही म्हणून मागावी. कराच्या आडून मागितलेली वही कर गेल्यावर लटकणारच.

निकालाची वाट पाहण्यापेक्षा ठसे आणि फोटो देऊन अर्ज भरून टाकीन, असे टेक्सासकराने जाहीर केले. दुकानदाराचे समाधान मात्र झाले नव्हते. त्या अर्जावर कराचा रकाना अजून आहे का, एवढे बघून कळव, असे त्याने उठता उठता बजावले.