संघ सुधारायचाय? आधी समिती नेमा

भिक्खू संघाला ऊर्जितावस्था आणायचं मनावर घेतलंच असेल, तर पहिल्यांदा समिती नेमा. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, दोन सचिव, लेटरहेड. भिक्खू सगळ्यात शेवटी. तो शोधताना एक पथ्य पाळा: स्वतःच्या पोराकडे बघू नका. आपला पोरगा एमपीएससी देतोय किंवा पुण्याला आयटीत आहे. चीवर, म्हणजे भिक्खूचं वस्त्र, दुसऱ्याच्या पोरानं घालावं. नागपूरची तशी परंपराच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांना दीक्षा देणारे चंद्रमणी महास्थविर ब्रह्मदेशचे, भदंत आनंद कौसल्यायन पंजाबचे, नागपुरातल्या इंदोऱ्याचे भन्ते सुरई ससाई जपानचे. जपाननं पोरगा दिला, आपण सतरंजी दिली.

प्रशिक्षणात वेळ घालवू नका. नव्या भिक्खूनं निदान पाच वर्षं आचार्यांच्या आश्रयानं राहावं, असं विनयात, म्हणजे संघाच्या नियमांत, आहे. पण तेव्हा लोकांना उद्योग नव्हते. दहा दिवसांचं श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खूंचं, शिबिर बस्स. मुंडनाचा फोटो, चीवराचा फोटो. अकराव्या दिवशीचा काढू नका.

भिक्खूनं करायचं काय, हा प्रश्न बाबासाहेबांनी धम्मावरच्या आपल्या ग्रंथाच्या प्रास्ताविकातच विचारून ठेवलाय: बुद्धाला भिक्खू परिपूर्ण माणूस म्हणून हवा होता की समाजसेवक म्हणून? नुसता परिपूर्ण असेल तर तो स्वार्थीच, असंही ते म्हणाले. आपण दोन्ही बाजू न दुखावता तिसरं उत्तर काढलं. गृहप्रवेश, बारसं, मंगल परिणय, मेल्यावरचं पुण्यानुमोदन. मुहूर्त मात्र चुकूनही विचारायचा नाही. 'सोयीची वेळ' विचारायची.

पातिमोक्खातले, म्हणजे भिक्खूंच्या आचारसंहितेतले, २२७ नियम पाठ करायची गरज नाही. भिक्खूनं पैशाला शिवू नये, एवढा एक लक्षात ठेवा आणि दानपेटीची किल्ली कोषाध्यक्षाकडे द्या. भन्तेजींनी कामठीला जायला बसभाडं मागितलं की हाच नियम त्यांना नम्रपणे ऐकवायचा.

आता बायांचं. विहाराचं कुलूप उघडणारी, झाडणारी, रविवारी पोरांकडून वंदना म्हणून घेणारी मावशी उद्या म्हणाली, "भाऊ, मले भिक्खुणी व्हाचं हाय," तर घाबरू नका. आठ गरुधम्म, म्हणजे भिक्खुणींसाठीचे जादा नियम, काढा. शंभर वर्षांची भिक्खुणीसुद्धा आजच उपसंपदा, म्हणजे पूर्ण दीक्षा, झालेल्या भिक्खूला वंदन करते, हे वाचून दाखवा. १९९८ साली बोधगयेला भिक्खुणींची उपसंपदा झाली, हे तिच्या कानावर जाऊ देऊ नका. मग तिला पोह्यांचं बघायला सांगा.

भोजनदान मात्र दणक्यात करा. मागच्या वर्षी आम्ही केलं. भिक्खूचं जेवण बाराच्या आत व्हावं लागतं, म्हणून भन्तेजींना दहालाच बोलावलं. उद्घाटक पावणेबाराला आले. त्यांचा सत्कार झाला, मग सत्कार करणाऱ्यांचा. भन्तेजी मंचावर कडेच्या खुर्चीत, समोरच भिंतीवरचं घड्याळ. मागून पाटोडीच्या रश्श्याचा घमघमाट. बारा वाजून दहा मिनिटांनी आम्ही ताट वाढून हात जोडले. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, हसले, पाणी मागितलं.

"पाहा, याला म्हणतात शील!" कार्याध्यक्ष माईकवर म्हणाले. टाळ्या पडल्या. मग आम्ही पंगतीला बसलो. रस्सा तिसऱ्यांदा फिरला तोवर विषय संघाच्या सुधारणेचाच चालला होता.