‘भाड्याच्या खोलीत राहून सोलापूर कळत नसतं’: एका प्रतिक्रियेला उत्तर

‘सोलापुरात एकट्यानं राहायचं तर कुठं?’ या माझ्या लेखावर ‘अस्सल सोलापूरकर’ या नावानं एक प्रतिक्रिया आली. खाली दोन ओळींत उत्तर द्यायला बसले होते, ते दोन ओळींत मावेना, म्हणून इथं वेगळं लिहिते. ज्यांनी लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नोकरीसाठी एकट्यानं सोलापूरला येणाऱ्यानं पहिलं वर्ष जुन्या गावात किंवा गावाला लागून काढावं, म्हणजे कसबा, मुरारजी पेठ, रेल्वे लाईन्स या बाजूला, आणि जिथं घरमालक स्वतः राहतो अशीच जागा घ्यावी, असं मी लिहिलं होतं. जुळे सोलापूर या नव्या उपनगरातला किंवा विजापूर रोडकडचा नव्या इमारतीतला फ्लॅट आल्या आल्या घेऊ नये, असंही लिहिलं होतं.

प्रतिक्रिया अशी आहे: “मॅडम, चार वर्षं भाड्याच्या खोलीत राहून सोलापूर कळत नसतं. सैफुल कुठल्या रोडवर आहे हेसुद्धा तुम्हाला माहीत नाही. जुळे सोलापूरबद्दलचं तुमचं म्हणणं दहा वर्षांपूर्वीचं आहे. पूर्व भागाचं तर नावही घेतलं नाहीत, तिथं भाडं कमी आणि शेजार जास्त. रेल्वे लाईन्स सुचवायला काय, पगार असला की झालं. आणि खोली देण्याआधी इथं आडनाव विचारतात, त्यावर एक ओळ नाही.”

सैफुल या भागाचं आधी मान्य करते. ते होटगी रोडवर आहे असं माझ्याकडून लिहिलं गेलं, ते विजापूर रोडवर आहे. चूक माझी आहे, दाखवून दिलीत त्याबद्दल आभार.

आता तुमचं पहिलं वाक्य. ‘भाड्याच्या खोलीत राहून.’ हे शब्द मला लागले आणि ते मी लपवत नाही. मला सोलापूर कळलंय असं मी लेखात कुठं म्हटलंय, ते दाखवा. मी लिहिलं होतं जागा शोधण्याबद्दल. जागा कोण शोधतं? ज्याचं इथं घर नाही तो. ज्याच्या आजोबांनी घर बांधून ठेवलंय त्याला हा प्रश्न जन्मात पडत नाही, आणि नेमका तोच माणूस येऊन सांगणार की भाड्यानं राहणाऱ्यांनी यावर बोलू नये! एजंटाच्या मोटारसायकलवर मागं बसून तुम्ही एका दुपारी सहा जागा बघितल्यात का? प्रत्येक दारात “एकट्याच का? मिस्टर कुठं असतात? ड्युटीवरून किती वाजता येता? मच्छी-मटण करता का?” अशी चौकशी होऊ दिलीत का? मी होऊ दिली. सहापैकी चार दारांत तर चप्पलही काढावी लागली नाही, बाहेरच नकार मिळाला. भाड्याची खोली म्हणजे काय हे मला तुमच्याकडून शिकायचं नाही.

मी राजापूरची. आमच्याकडे परसात विहीर आहे आणि पावसाळ्यात तिचं पाणी हातानं शिंपता येतं इतकं वर येतं. ‘पाण्याचा दिवस’ हा शब्द मी सोलापुरात पहिल्यांदा ऐकला. चार वर्षांपूर्वी मार्चमध्ये चिंचोळी एमआयडीसीतल्या एका औषध कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला लागले आणि ऑफिसातल्या सगळ्यांच्या सल्ल्यानं जुळे सोलापुरात फ्लॅट घेतला. तिसरा मजला, नवी इमारत, पांढऱ्या फरशा, गॅलरीतून मोकळं आकाश. मालक पुण्याला. खाली एक कुटुंब, बाकीचे फ्लॅट रिकामे. मी खूश होते. घरी फोटो पाठवले.

तिथं काय झालं ते सविस्तर सांगते, कारण माझ्या लेखाचा सगळा आधार तोच आहे आणि तुमच्या एवढ्या मोठ्या प्रतिक्रियेत पाण्याचा ‘प’सुद्धा नाही. त्या वेळी सोलापुरात नळाला पाणी चार दिवसांआड यायचं, कधी पाच. पाणी येतं उजनीच्या धरणातून, ते शंभरावर किलोमीटर लांब. वाटेत जलवाहिनीला गळती लागली किंवा पाकणीला पंपाची वीज गेली, की रोटेशन एक दिवस पुढं. तुम्ही अस्सल सोलापूरकर आहात, हे तुमच्या इतकं अंगवळणी पडलंय की तुम्हाला ते दिसतच नाही. पाणी सुटलं की पहिली काही मिनिटं गढूळ येतं. ते हौदात जाऊ नये म्हणून हौदाचा कॉक बंद ठेवतात आणि पाणी निवळलं की हातानं उघडतात. उघडायला कुणीतरी घरी लागतं. माझ्या इमारतीत ते काम खालचं कुटुंब करायचं. एप्रिलमध्ये ते लग्नाला गावी गेले. त्या आठवड्यात पाणी सकाळी अकराला आलं, तेव्हा मी चिंचोळीत. रात्री घरी आले तर अंगणात नळाखालची माती ओली, हौद कोरडा. पुढचं पाणी पाच दिवसांनी. टँकरवाल्याला फोन केला, त्यानं विचारलं किती घरं, मी म्हटलं एक, त्यानं फोन ठेवला. प्यायच्या पाण्याचे वीस लिटरचे जार तिसऱ्या मजल्यावर चढवून मी त्यात अंघोळ केली, कपडे धुतले, संडासात ओतलं. घरात चार माणसं असतात त्यांना हे कळणार नाही. तिथं आजी असते, शाळेतून आलेलं पोरगं असतं, कुणीतरी कॉक फिरवतं. एकट्या माणसाच्या घरी दिवसभर कुणी नसतं. म्हणून मी लिहिलं की सोलापुरात जागा बघताना खोली नंतर बघा, पाण्याच्या दिवशी त्या घरात कोण असतं ते आधी विचारा. हे वाक्य मी मागं घेणार नाही.

मग मे आला. पारा 43 वर, डोक्यावर उघडा स्लॅब. रात्री दोन वाजता भिंतीला हात लावला तरी गरम लागायची. मी खोली सोडली. मालकानं डिपॉझिट परत दिलं नाही, म्हणाला अकरा महिने ठरलं होतं. लेखी काहीच नव्हतं, त्यामुळे मलाही वाटलं आपलंच चुकलं. नंतर कळलं की करार लेखी करून त्याची नोंदणी करणं ही 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे घरमालकाचीच जबाबदारी आहे. करार नोंदवलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, ते खोटं आहे हे मालकानं सिद्ध करायचं. हे मला आधी माहीत असतं तर मी गप्प बसले नसते. लेखात हा परिच्छेद होता. तुम्ही त्यावरही काही बोलला नाहीत.

‘उत्तर कसबा’ या जुन्या पेठेतल्या वाड्यात मी आले ती अशी, हरून. एक खोली, एक स्वयंपाकघर, अंगणात सामायिक नळ. मालकीणबाईंना सगळा वाडा अक्का म्हणतो, मीही म्हणते. पाण्याच्या दिवशी अक्का पहाटेपासून कान टवकारून असतात. नळ आधी नुसता फुरफुरतो, वारा येतो. मग लालसर पाणी, ते त्या अंगणात सोडून देतात, तुळशीला नाही घालत. मग तोटीला धुतलेलं मलमल बांधतात, हिरवी नळी हौदात सोडतात आणि माझ्या दाराशी येऊन हाक मारतात, “ओ बाई, पाणी आलंय की! तुझं पिंप भरू का?” मी कामावर असले तर विचारायलाही थांबत नाहीत. किल्ली त्यांच्याकडंच असते. माझं पिंप, दोन घागरी आणि बादली भरून, वर ताटली झाकून, दार ओढून घेतात. चार वर्षांत एकदाही माझं पाणी चुकलेलं नाही. दुसऱ्या वर्षी मला टायफॉईड झाला, तेव्हा याच बाईंनी मला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं आणि दहा दिवस ज्वारीची आंबील दिली. त्या वाड्यात मासे शिजत नाहीत, ते मी बाहेर खाते, त्याचं मला काही वाटत नाही. याला तुम्ही सोलापूर कळणं म्हणणार नसाल तर नका म्हणू. मी ज्याबद्दल लिहिलं होतं त्याला एवढं कळणं पुरतं.

बाकीच्या मुद्द्यांना फार जागा देत नाही.

जुळे सोलापूर बदललंय, मान्य. दवाखाने आहेत, मोठी दुकानं आहेत, रस्ते गावापेक्षा रुंद आहेत. कुटुंब घेऊन येणाऱ्यानं जरूर जावं. पण पहिल्या पाळीची कंपनीची बस मला सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी पार्क चौकात पकडायची असते. कसब्यातून मी चालत जाते. तिकडून त्या वेळेला शेअर रिक्षा भरायची वाट बघत उभं राहावं लागायचं, आणि संध्याकाळी होटगी रोडनं घरी परतायचं तर आसऱ्याच्या पुलावर अडकायचं. सिटी बसच्या भरवशावर नोकरी करा असं तर तुम्हीही म्हणणार नाही.

पूर्व भागाबद्दल मी लिहिलं नाही, कारण मी तिथं राहिलेली नाही. अशोक चौक, साखर पेठ, कन्ना चौक मला माहीत आहेत ते चादरी आणि टॉवेल घ्यायला जाण्यापुरते. यंत्रमागाचा खडखडाट दिवसरात्र चालतो, गल्लीत तेलुगू बोललं जातं, एवढं येताजाता दिसतं. पण चार वर्षं राहूनही काही कळत नाही असं एका वाक्यात म्हणायचं आणि जिथं एक रात्रही काढली नाही तिथलं का लिहिलं नाही असं पुढच्या वाक्यात विचारायचं, हे कसं चालेल? दोन्हींतलं एक धरा. तुम्हाला तो भाग माहीत असेल तर तुम्ही लिहा ना. टीका करायला वेळ मिळतो तर लिहायलाही मिळेल.

पगाराचं म्हणाल तर माझं भाडं 5,500 आहे. रेल्वे लाईन्स मला परवडत नाही, कधीच परवडलं नाही. ते नाव यादीत घातलं कारण स्टेशन जवळ आहे आणि दर शनिवार-रविवार पुण्याला पळणाऱ्यांना पहाटेची हुतात्मा एक्सप्रेस गाठता येते. माझ्या पगाराचा अंदाज तुम्ही कशावरून बांधलात ते माहीत नाही. त्या वाक्यानं मला खरंच राग आला. माझ्या पैशांबद्दल बोलायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

आडनावाचा मुद्दा वेगळा आहे, तो या लेखाचा विषय नव्हता. मला विचारतात, मी सांगते आणि पुढं जाते. एका लेखात गावातल्या सगळ्याच गोष्टी येत नाहीत. तो सोलापुरापुरता प्रश्नही नाही.

आणि एक सांगायचंय. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांसमोरून मी रोज पहाटे बसला जाते. धनशेट्टी, सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे. 12 जानेवारी 1931 ला फाशी गेलेली ही चार नावं मला इथं येण्याआधी माहीत नव्हती, अक्कांनी सांगितली. गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या यात्रेच्या वेळी नंदीध्वजांची मिरवणूक मी त्यांच्याच सोबत उभी राहून बघते. हे गाव गिरण्यांवर वाढलं, आणि गिरण्यांत कामाला आलेली माणसं कुठून कुठून आली होती ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार. त्यांनी पहिल्या दिवशी काय स्वतःच्या घरात पाऊल टाकलं होतं? तुमच्यात अस्सल कोण आणि बाहेरचं कोण हे ठरवायला बसलात तर निम्मं गाव उठवावं लागेल.

पुढच्या वेळी लिहाल तर स्वतःच्या नावानं लिहा. मी माझ्या नावानं लिहिते आणि शिव्याही त्याच नावावर घेते.

या भांडणात एक साधा प्रश्न मागं पडला. त्याच लेखाखाली एका मुलीनं विचारलंय की जूनमध्ये सिव्हिल हॉस्पिटलमध्ये रुजू व्हायचंय, एकटीच आहे, जागा कधी आणि कशी बघू. तिला माझं उत्तर असं: जूनची वाट बघू नकोस. मे संपायच्या आत एकदा ये आणि दुपारी तीन वाजता जागा बघ, सकाळी दहाला बघितलेली खोली फसवते. भिंतीला हात लाव. वर पत्रा आहे का उघडा स्लॅब ते विचार. पाणी शेवटचं कधी आलं, किती वाजता आलं आणि तेव्हा नळाशी कोण होतं ते विचार. करार लेखी माग. आमच्या समोरच्या वाड्यातली एक खोली या महिन्याअखेर रिकामी होतेय. तिथून सिव्हिल रिक्षानं थोड्या वेळात येतं. नळ अंगणात आहे आणि मालकीणबाई दिवसभर घरीच असतात. मी त्यांच्याशी बोलून ठेवलंय. मला मेल कर.