स्ट्यूमध्ये गाजर घालावे की घालू नये

डब्लिनमध्ये राहणाऱ्या मराठी गृहिणीने आयरिश शेजाऱ्यांना जेवायला बोलावले, की मटार पुलाव आणि पुरणपोळी करून कौतुक पदरात पाडून घ्यावे, असा आमच्या मंडळींचा शिरस्ता आहे. यंदा मात्र १७ मार्चला, म्हणजे सेंट पॅट्रिकच्या सणाला, त्यांचेच पदार्थ त्यांना करून घालण्याचे मी ठरवले. समोरच्या आजींना याचे मुळीच नवल वाटले नाही. ज्यांच्या वडिलांचे गाव मालवण तालुक्यातले वराड, ते लिओ वराडकर २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झाल्यापासून आमच्या लोकांना काहीही जमते, असा त्यांचा ठाम समज आहे.

आयरिश स्ट्यू कागदावर फार गरीब दिसतो. मटण, बटाटे, कांदे, पाणी, मीठ, मिरपूड, झालेच तर थोडी पार्स्ले, संपली यादी. पण ज्या स्वयंपाकात आले-लसूण नाही, फोडणी नाही, वाटण नाही, त्यात झाकायलाही काही नसते. बटाटा कच्चा राहिला, तर तो कच्चा बटाटा म्हणूनच पाहुण्यांच्या ताटात जातो. शिवाय १८४५ मध्ये सुरू झालेल्या दुष्काळात बटाट्याच्या पिकावर रोग पडून ज्या देशात सुमारे दहा लाख माणसे मेली, तिथे बटाट्याच्या बाबतीत हयगय करण्याची माझी तरी छाती नव्हती.

खरा प्रश्न गाजराचा निघाला. समोरच्या आजींच्या मते स्ट्यूमध्ये गाजर घालणे म्हणजे पूर्वजांचा अपमान. वरच्या मजल्यावरच्या कॉर्कच्या बाईंच्या मते गाजराविना स्ट्यू हे आजाऱ्याचे जेवण. खाटकाने मानेकडचे तुकडे कापता कापता, न विचारताच, गाजराच्या बाजूने कौल दिला आणि रांगेतल्या मागच्या गृहस्थांनी तो तिथल्या तिथे खोडून काढला. माझ्या यजमानांनी तोडगा म्हणून अमेरिकेतल्या आयरिश लोकांचे खारवलेले गोमांस आणि कोबी सुचवले, तेव्हा मात्र दोन्ही पक्षांची क्षणात एकजूट झाली. आयर्लंडमध्ये कोबीबरोबर उकडलेले बेकनच असते, ते खारवलेले गोमांस तिकडे गेलेल्यांचे चोचले, असे मला दोन्हीकडून सारख्याच कडक शब्दांत ऐकवण्यात आले.

सोडा ब्रेडसाठी साडेचारशे ग्रॅम मैदा, चमचा-चमचा सोडा नि मीठ आणि ताक लागते. ताकातल्या आंबटपणाने सोडा लगेच फसफसू लागतो, म्हणून पीठ मळत बसायचे नाही. गोळा कसाबसा एकत्र करायचा, त्यावर सुरीने खोल फुली मारायची आणि तडक भट्टीत सारायचा. फुलीमुळे पाव मधोमध नीट भाजतो. आजींच्या मते मात्र तिच्यातून पऱ्या बाहेर पडतात, आणि त्यांनी ते इतक्या गंभीरपणे सांगितले की मी भट्टीचे दार जरा जपूनच उघडले. पण त्याआधी ताकाचेच खोके रिकामे सापडले. सांगलीहून आलेल्या माझ्या आईने त्यात आले, कोथिंबीर आणि जिरे घालून मठ्ठा केला होता आणि बाहेर गारा पडत असताना ती तो शांतपणे पीत होती. “एवढं चांगलं ताक पिठात कालवतात होय?” एवढेच ती म्हणाली. सुट्टीच्या दिवशी नवे खोके मिळवण्यासाठी मला हिरव्या टोप्यांच्या गर्दीतून मिरवणूक ओलांडावी लागली.

बॉक्स्टी तिच्यावर सोपवली. निम्मा बटाटा किसून पिळलेला, निम्मा उकडून कुस्करलेला, त्यात मैदा आणि ताक. लायट्रिमकडचा हा प्रकार तिने तव्यावर असा खरपूस काढला की बोलायची सोय नाही. मात्र दर घाण्याला मिरचीच्या डब्याकडे जाणारा तिचा हात मला धरावा लागत होता. तिच्या स्वतःच्या जेवणासाठी कुस्करलेल्या बटाट्यात कोबी, पातीचा कांदा आणि भरपूर लोणी घातलेले कोलकॅनन होते. ते खरे तर हॅलोवीनचे, पण शाकाहारी माणसाला सणाचा मुहूर्त पाहून चालत नाही.

स्ट्यूची दोन पातेली केली, एक गाजराचे, एक बिनगाजराचे. आजींनी दोन्ही चाखली, बिनगाजराच्या स्ट्यूचे दोनदा वाढून घेतले आणि मीठ बेताचे आहे असे सांगितले, जे इथल्या मानाने मोठे प्रशस्तिपत्रक समजावे. कॉर्कच्या बाईंनी आईकडून मठ्ठ्याची कृती लिहून घेतली. मग ईस्टरलाही कोकराची तंगडी माझ्याकडेच व्हावी, असा ठराव माझ्या अनुपस्थितीत संमत झाला. तिच्याबरोबर पुदिन्याची चटणी द्यावी की नुसता मांसाचा रस, यावर वाद पेटला तेव्हा मी पातेली घासायला घेतली होती.